पहिला टिपर दिसल्याशिवाय नाही

इथे मस्कतला मी ज्यांच्या घरी काम करते त्या ताईंना दिवस गेलेत, आणि तीन दिवस झाले, घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. साहेबांच्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललंय. बाहेर युद्धाच्या बातम्या, विमानं कधी उडतात, कधी नाही. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसतात आणि टीव्ही लावून ठेवतात. काल मी कांदा चिरत होते, तर ताई स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, तुझ्या वेळी ठेवायचं की नाही ते तू कसं ठरवलंस गं?"

मी कांद्याचं निमित्त करून डोळे पुसले. काय सांगणार? मी ठरवलंच नव्हतं. माझ्याकडून ते एका बाईने कानाखाली वाजवून वदवून घेतलं होतं. तिचं नाव शालन. गावात तिला नर्सबाय म्हणत आणि पाठीमागे चिमटेबाय.

माझं माहेर दोडामार्गाकडचं. सातवीत शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या गावात आले. माझा नवरा दिगंबर टिपर चालवायचा. खाणीवर खनिज भरायचं, नदीवरच्या जेटीवर ओतायचं, परत फिरायचं. दिवसभर असे टिपर एकामागे एक, मुंग्यांसारखे. त्या रस्त्याच्या कडेला चिऱ्याच्या दोन खोल्यांचं सरकारी उपकेंद्र होतं, आणि त्यात शालन नर्स.

बुटकी, रुंद, खांदे पुरुषासारखे. सकाळी पांढरी साडी नेसून यायची, दुपारपर्यंत ती साडी गेरूच्या रंगाची झालेली असायची. मूळची पेडण्याकडची, हळर्णची. दोन बस बदलून सोमवारी यायची आणि शनिवारी जायची. मधले दिवस उपकेंद्राच्या मागच्या खोलीत. चहात बुडवून उंडा पाव खायची तो उभ्यानेच. बसलेलं मी तिला क्वचित पाहिलं.

चिमट्याचं असं होतं की दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते, तिथे ती दोन बोटांत मांस धरायची आणि पिळायची. कळा यायच्या आधीच ओरडणाऱ्या बाईला चिमटा. पाळीची तारीख खोटी सांगणाऱ्या बाईला चिमटा. बायकोला एकटीला पाठवून स्वतः बाहेर मोटारसायकलवर बसून राहणाऱ्या नवऱ्याला आत ओढून चिमटा, तोही सगळ्यांदेखत. पण तान्ह्या पोराला सुई टोचताना हात इतका हलका की पोर रडायच्या ऐवजी तिच्याकडे नवलाने बघत राहायचं.

सकाळी आल्या आल्या ती जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावरून एक बोट फिरवायची आणि बोटावर आलेली लाल धूळ बघायची.

"बरीच आसा," म्हणायची. "औंदा भुरगीं बरीं येतलीं."

धुळीवरून पोरांचा हिशेब! मला आधी ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. टिपर चालतात तेव्हा लग्नं होतात, घरावर स्लॅब पडतो, आणि पाळणे हलतात. हे तिने इतकी वर्षं बघितलं होतं की धुळीवरून ती सांगू शकायची.

पण ते धुळीचे दिवस सोन्याचे होते असं कोणी म्हणालं तर मी मान हलवणार नाही. तोच रस्ता माणसं खायचा. माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष. मी पाळणा लांबवायच्या गोळ्यांसाठी उपकेंद्रात गेले होते. आत एक बाई बाळंत होत होती. म्हापशाला न्यायला वेळ नव्हता, म्हणून शालन नर्सने तिथेच घेतली होती. एवढ्यात बाहेर आरडाओरड झाली आणि एक ड्रायव्हर धावत आत शिरला. डोकं फुटलेलं, शर्ट रक्ताने चिकटलेला. त्याच्या टिपरखाली वळणावर एक म्हातारा सापडला होता. मागून चाळीस-पन्नास माणसं. कोणाच्या हातात जॅकचा दांडा, कोणाच्या हातात चिरा. त्यांनी टिपरला आग लावली होती. टायर जळल्याचा वास आतपर्यंत आला.

शालन नर्स दारात जाऊन उभी राहिली. हातात मोजे, मोज्यांवर रक्त.

"भितर एक जीव येता हा," ती म्हणाली. "तो भायर येयसर हंय कोण भितर येवचो नाय."

पुढे होता तो मेलेल्या म्हाताऱ्याचा मुलगा. त्याने हातातला दांडा पायरीवर आपटला. "नर्सबाय, तू मधी पडू नको. माझ्या बापायक मारल्यान तेणां."

"माका म्हायत आसा. तुका पण मीच भायर काढलंय. पायांनी आयल्लंस तू. तेवा पण तुका अशीच घाई होती."

गर्दीत कोणीतरी हसलं. हसला तो लगेच गप्प झाला, पण त्या हसण्याने काहीतरी ढिलं पडलं. मुलगा तिथेच पायरीवर बसला. बाकीचे उभे राहिले. आत तिने त्या ड्रायव्हरला काय करायला लावलं असेल? पाणी तापवायला. डोक्यातून रक्त गळतंय आणि तो स्टोव्हला पंप मारतोय. मी कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी. बाहेर पन्नास माणसं एका बाळाच्या रडण्याची वाट बघत होती, एका माणसाला मारण्यासाठी.

बाळ रडलं तोपर्यंत पोलिसांची जीप आली. ड्रायव्हरला त्यांच्या हवाली करताना शालन नर्स म्हणाली, "तेका आधी चाय दिया." मग म्हाताऱ्याच्या बाराव्याला त्या घरी जाऊन दिवसभर बसली. त्या मुलाशी एक अक्षर बोलली नाही. त्या दिवशी जन्मलेल्या पोराचं नाव पाळण्यात काहीतरी देवाचं ठेवलं, पण गाव त्याला आजही टिपर म्हणूनच हाक मारतो.

माझ्या गोळ्यांचं राहिलं. ते सांगायला लाज वाटते, पण तिची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही. रोज एक गोळी घे, असं तिने सांगितलं होतं. दिगंबर तेव्हा दोन-दोन दिवस जेटीवरच राहायचा. मी हिशेबी. तो घरी यायचा त्याच दिवशी गोळी घ्यायची, उरलेल्या पुढच्या महिन्याला. नर्सबायने पाकीट बघितलं, मला विचारलं, आणि मी अभिमानाने सांगितलं.

दंडावरचा तो काळा-निळा डाग आठ दिवस होता.

"गोळी तुझ्या घोवासाठी न्हय गो बाये! तो येतलो म्हणान घर झाडतंस, न्हावच्या पाण्याक चुडतां पेटयतंस, तशी गोळी घेतंस? ती तुझ्यासाठी!"

मग तिने मला तांबी बसवली. तांबी म्हणजे ती तांब्याची तार गुंडाळलेली, गर्भ राहू नये म्हणून आत बसवतात ती. तेव्हा माझ्यासारख्या थोड्याच होत्या. मग खाणी बंद झाल्या आणि गावातल्या सगळ्याच झाल्या.

कोर्ट म्हणालं, सरकार म्हणालं, कोण काय म्हणालं ते बाप्ये टिंटोवर, बाजाराच्या नाक्यावर, बसून भांडायचे. आम्हाला एवढंच कळलं की एका सकाळी उठलो तर आवाज नव्हता. रस्ता रिकामा. पहिले चार दिवस बरं वाटलं. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळली. मग दारात उभ्या राहिलेल्या टिपरांच्या चाकांखाली गवत आलं. लाल झाडं धुऊन हिरवी झाली, इतकी हिरवी की बघवेना. आणि बायका एक-एक करून तांबी बसवायला उपकेंद्रात येऊ लागल्या. कशासाठी आलीस, असं नर्सबाय विचारायची नाही. विचारलंच तर बायका हसून म्हणायच्या, "मायन बंद, मगे आमी पण बंद."

नर्सबायचं बोट जनेलावर फिरायचं ते स्वच्छ यायचं. ती ते पदराला पुसायची, सवयीने.

त्यात निवडणुका. निवडणूक आली की खाण सुरू होणार. देवळासमोर मंडप पडायचा, कोणीतरी पांढऱ्या कपड्यांतला यायचा, माइकवर हात आपटून सांगायचा, आणि फटाक्यांच्या माळा फुटायच्या. पहिल्यांदा असं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्राबाहेर अकरा बायकांची रांग. तांबी काढून द्या. कोणाच्या सासूने पाठवलेली, कोणाच्या नवऱ्याने, कोणी आपखुशीने. सगळ्यांचे चेहरे सणाचे.

शालन नर्स दार लावून पायरीवर उभी राहिली.

"टिपर खंय आसा?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"माका टिपर दिसता काय? आवाज येता? मगे घरा चला. मंत्र्याच्या तोंडाक बघून तांबी काढूची नाय. पयलो टिपर ह्या रस्त्यार दिसलो काय येवा. तेच्या आदी मी हात लावूचंय नाय."

रांगेतल्या एकीचा नवरा रमाकांत, बोलायला तिखट आणि प्यायला त्याहून, तो सकाळीच घेऊन आला होता. "सरकारान तुका तांबी काढूक ठेवल्या, भाषण करूक न्हय," म्हणाला. ती आत जाऊन जनेलाशी उभी राहिली, तशी त्याने दगड मारला. जनेलाची काच फुटून तिच्या कपाळात घुसली. आता ती बाहेर येत नाही असं वाटलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बेडपॅन होतं, एनॅमलचं, जड. डोळ्यात रक्त उतरत होतं म्हणून एक डोळा मिटून तिने नेम धरला आणि त्याच्या तोंडावर हाणलं. दुसरा. तिसरा. रमाकांतचा दात आमच्यासमोर पायरीवर पडला. त्याची बायको "मेलो गो, मेलो" म्हणून ओरडत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती, दोन्ही एकदमच.

नंतर तिनेच त्याचा ओठ शिवला. आपल्या कपाळातली काच मात्र माझ्याकडून काढून घेतली. माझे हात कापत होते.

"कापू नको. काच मोटी आसा, दिसता. तुझ्यापरास मी जास्त भियेलंय," ती म्हणाली. त्या बाईला भीती वाटते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून गावात तो नियमच झाला. पहिला टिपर दिसल्याशिवाय नाही. सासवा तिला शिव्या द्यायच्या, पण सुना ऐकायच्या. मलाही ते बरं होतं. निर्णय माझ्यावर नव्हता, दिगंबरवर नव्हता, टिपरवर होता. असं वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग मोजायचं सोडलं. अफवा यायची, आम्ही रस्त्याकडे बघायचो. कधी ती स्वतःच वैतागायची. "तुमच्या डिचोलेत मायन, आमच्या पेडण्यात विमानतळ. थंय पण बायलो थांबल्यात, विमान येवंदे म्हणान. सगळ्या गोंयच्या बायलांक थांबूचाच काम!"

आमच्या शेजारी सुलभा राहायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, हसरी, अंगणात तिची अबोली बारा महिने. लग्नानंतर दोन वेळा तिचा गर्भ पडला होता, म्हणून नर्सबायने जरा थांब म्हणून तांबी बसवली होती, आणि तेवढ्यात खाणी बंद झाल्या. प्रत्येक अफवेला सुलभा उपकेंद्रात जायची. प्रत्येक वेळी परत यायची. येताना मला कुंपणावरून सांगायची, "नाय म्हणता गो. टिपर येवंदे म्हणता." तिच्या कानामागचे केस पांढरे झाले तेव्हाही ती तसंच सांगायची.

आणि एकदा खरंच टिपर आला. साठून राहिलेलं जुनं खनिज हलवायची परवानगी मिळाली होती. पहिल्या टिपरला झेंडूची माळ, नारळ, पुढे ढोल. दिगंबर तिसऱ्या टिपरवर होता आणि हॉर्न दाबून ठेवला होता त्याने. रस्त्यात माणसं रडत होती. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रासमोर जत्रा. शालन नर्सने शब्द पाळला. कोणाला काही विचारलं नाही. एकामागून एक, दुपारपर्यंत, सगळ्यांच्या काढल्या. सुलभाची काढली. माझी काढली. दिगंबर बाहेर उभा होता. मला हवी होती का काढायला, हे मीही मला विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी टिपर परत बंद झाले.

मला दिवस गेले. सुलभाला गेले नाहीत. ती म्हापशाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरने सांगितलं, आता वेळ गेली.

लसीकरणाचा दिवस होता. सात-आठ आया पोरं घेऊन बसलेल्या, मी पोटातलं लपवत पाठीमागे. सुलभा आली, तिने छत्री मिटली आणि ती छत्री शालन नर्सच्या तोंडावर मारली. मग खांद्यावर, मग कानावर. छत्रीची काडी मोडून निघाली तशी हातांनी. आम्ही सगळ्या उठलो. आता बेडपॅन येणार, असंच प्रत्येकीला वाटलं असणार. पण शालन नर्सने हात उचलला नाही. लस भरलेली सुई होती हातात, ती तिने आधी बाजूच्या मेजावर नीट ठेवली, कोणाला लागू नये म्हणून, आणि मग हात खाली सोडून उभी राहिली.

"तू कोण झाल्लंस?" सुलभा ओरडत होती. "तू टिपर? तू मंत्री? तू देव? तुका कोणी सांगितल्यान माका थांबय म्हणान?"

"मार," शालन नर्स म्हणाली.

आम्ही सुलभाला धरून बाहेर नेलं. परत आले तर नर्सबाय भिंतीकडे तोंड करून उभी. ओठातून रक्त हनुवटीपर्यंत आलेलं. पोरं रडत होती. तिने तोंड धुतलं आणि उरलेल्या पोरांना टोचलं, प्रत्येकाला तितक्याच हलक्या हाताने. त्यानंतर गावात तिने कोणालाही टिपरचं सांगितलं नाही. चिमटेही बंद झाले. बायका कुजबुजायच्या, नर्सबाय म्हातारी झाली.

माझ्या घरी तेव्हा बरं नव्हतं. खाणवाल्यांचा मोर्चा निघाला पणजीला, दिगंबर गेला होता, लाठीमार झाला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर घालून घरी आला. टिपर दारात गंजत होता, वेल स्टिअरिंगपर्यंत चढली होती. त्याला मी पोटाचं सांगितलं तेव्हा तो त्या वेलीकडेच बघत होता.

"आता नको," म्हणाला. "आमचाच काय खरां नाय. जल्माक घालून काय दाखवू तेका? हो गंजको टिपर?"

ते चुकीचं बोलला असं आजही मला वाटत नाही. पण मग त्याने कुठून तरी पोट पाडायच्या गोळ्या आणल्या. मी त्या घेतल्या नाहीत, तांदळाच्या डब्यात लपवल्या. त्याला सापडल्या. तोवर त्याने मला कधी हात लावला नव्हता, आणि आता लावला तो प्लास्टरचा. प्लास्टरचा मार वेगळा लागतो, दगडाने मारल्यासारखा, आणि मारणाऱ्यालाही लागत असणार, कारण तो प्रत्येक फटक्याला स्वतःच कळवळत होता. मग लाथ. ती मी मांडीवर घेतली. मांडीवर घेतली हे मला नंतर लक्षात आलं. पोट मी वळवून धरलं होतं.

सकाळी दहाच्या सुमाराला तो टिंटोवर गेला आणि मी उपकेंद्रात. शालन नर्सने माझी पाठ बघितली, पोट तपासलं, कानाला ते नळीचं लावून ऐकलं.

"आसा," म्हणाली. "बरां आसा."

मी म्हटलं, "तो म्हणतो, नको."

"तो. आनी तू?"

"कामधंदा नाही. तो म्हणतो ते—"

"तुका होया काय नको? तुझ्या घोवाक न्हय, सासयेक न्हय. तुका. नको तर नको सांग, मी आत्ता तुका डॉक्टराकडे व्हरतंय, कायद्यान काम जातला, कोणाच्या बापायक भियेवची गरज नाय. होया तर होया सांग. पण तू सांग."

"मला काय कळतं? मी सातवी—"

तेव्हा तिने मारली. उघड्या पंजाची, कानाखाली. रात्रभर मार खाऊन आलेल्या बाईला. ते तिचं चुकलं. मी तेव्हाही तसंच म्हणाले असते आणि आज तिच्यावर एवढा जीव असूनही म्हणते. पण तिचा चेहरा माझ्याहून जास्त फाटला होता.

"त्या दिसा मी तुका विचारूक नाय गो," ती म्हणाली. "कोणाकच विचारूक नाय. तांबी घालताना नाय, काढताना नाय. टिपरार सोडलंय सगळां. आता विचारतंय. बोल!"

माझ्या तोंडून निघालं, "होया."

हवं म्हणायचा माझ्या माहेरचा शब्द. किती वर्षांनी तो मी माझ्यासाठी वापरला असेन. बाजारात भाजीवाला विचारतो तेव्हा म्हणतो तो शब्द. मी तो परत म्हटला, "माका होया," आणि मग मला रडू फुटलं.

तिने मला मागच्या खोलीत नेऊन कडी लावायला सांगितली. कडी लावते आहे तोच बाहेर दिगंबरचा आवाज. कोणीतरी त्याला टिंटोवर जाऊन सांगितलं होतं. तो घरी जाऊन कोयता घेऊन आला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून कोयता डाव्या हातात. हे मी दाराच्या फटीतून बघितलं.

"बायल माझी आसा. तिका भायर काड."

"तुझी आसा तर घरात बरी ठेवूची," शालन नर्स म्हणाली. दाराची चौकट तिने उजव्या हाताने धरली होती. "कोयतो खाली ठेव रे दिगंबर. तो हात तुझो मारूचो न्हय, चुकतलो."

तिने ते असं म्हटलं की एखाद्या पोराला पडशील म्हणून सांगावं. त्याने मारला. दारावर मारला की तिच्यावर, हे मी पुढे कोर्टातसुद्धा सांगू शकले नाही. त्यालाही ठाऊक नसावं. कोयता चौकटीत रुतला आणि शालन नर्सची शेवटची दोन बोटं पायरीवर पडली.

मी दार उघडलं. ती खाली बसली होती. पहिल्यांदाच तिला मी जमिनीवर बसलेलं बघत होते. हात डोक्याच्या वर धरलेला, रक्त कोपरावरून काखेत जात होतं, आणि ती मला सांगत होती, "तो पट्टो घे. पांढरो. घट्ट. अजून घट्ट. बोटां पिशवेत घाल, बर्फ पाववाल्या पोदेराच्या घरा आसा." दिगंबर कोयता सोडवत उभा, चौकटीतून निघेना. मग बायका आल्या. सगळ्यात पुढे सुलभा. ती कुंपणाचा दांडा उपटूनच आली होती. दिगंबरला त्यांनी खाली पाडलं. त्या दुपारी त्यांनी एकट्या दिगंबरला मारलं असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांचं जे काही होतं ते सगळं त्याच्यावर काढत होत्या. तो ओरडायचा थांबला तरी दांडे थांबेनात.

"पुरो!" शालन नर्स जमिनीवरून ओरडली. "तेचो हात आदीच मोडल्लो आसा, दिसना तुमका?"

बोटं बसली नाहीत. दिगंबर तुरुंगात गेला. मी माहेरी आले.

दिवस भरले तेव्हा आईने मला म्हापशाच्या इस्पितळात आणलं. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात सगळ्या झोपलेल्या असताना शालन नर्स आली. सरकारी साडी नव्हती, साधी निळी. ती नोकरी सोडून हळर्णला परत गेली होती, हे मला आईकडून कळलं होतं. नाचण्याचं पीठ आणलं होतं, ते कपाटावर ठेवलं. बाळाला डाव्या हाताने उचललं आणि खाटेच्या कडेला बसली. सगळं तपासलं. टाळू, बेंबी, पावलं.

मी विचारलं, "नर्सबाय, मी केलं ते बरोबर केलं ना? बाप तसा. घर नाही. पुढे काय होईल—"

"तां माका विचारू नको," ती म्हणाली. "माका विचारून सुलभाचा काय झाला?"

मग, बाळाकडेच बघत, "माझो अंबाडो बांध गे. हात पावना. बसीत वाऱ्यान सुटलो."

ती माझ्याकडे पाठ करून बसली. मी उठून टेकले, टाके ओढत होते. केस मोकळे केले तर ते फार थोडे होते, विरळ, खाली मानेवरची कातडी सुरकुतलेली, तिच्यावर लहान मुलासारखी घामोळी. ह्या मानेला कोणीतरी कधी हात लावला असेल का, असं माझ्या मनात आलं. मी फणीने हळू विंचरत राहिले. लागेल म्हणून इतकी हळू, की ती म्हणाली, "मेलंय काय मी? ओढ. घट्ट बांध."

मी पिना लावत होते तेवढ्यात मुलगी तिच्या मांडीवर मुतली. शालन नर्सने तिला बाजूला केलं नाही. संपेपर्यंत तशीच धरून राहिली, आणि मग एकदम हसली, खांदे हलवून, आवाज न करता, वॉर्डातल्या बायका उठू नयेत म्हणून.

हळर्णची बस चुकेल म्हणून लगेच उठली. बाळ माझ्या कुशीत ठेवलं. ओली साडी पुढून चिमटीत धरून, खाटांच्या मधून ती दाराकडे गेली. अंबाडा मी वाकडा बांधला होता, डाव्या कानाकडे झुकलेला. मी हाक मारणार होते. पण ती ताठ, भराभर चालत होती, आणि मला वाटलं, असू दे, घट्ट तर बसलाय.